निवड कुणाची? फारसीपासून क्रेडिटपर्यंत कॉलेजच्या अभ्यासक्रमाचा इतिहास

नव्या शैक्षणिक धोरणाची सगळी जाहिरात एका शब्दावर चालते: निवड. विद्यार्थ्याने मेजर निवडावा, मायनर निवडावा, ओपन इलेक्टिव्ह निवडावा, हवं तेव्हा कॉलेज सोडावं, हवं तेव्हा परत यावं, आणि त्याचे क्रेडिट बँकेतल्या ठेवीसारखे जपून राहतील. ऐकायला फार छान वाटतं. ओझर, शिरोली, धालेवाडी, नारायणगाव या पट्ट्यातला मुलगा किंवा मुलगी प्रवेशाच्या खिडकीवर उभी राहते, तेव्हा तिच्या हातात दिलेल्या कागदावर मात्र निवडीचा पत्ता नसतो. ज्या विषयाला प्राध्यापक आहे तो विषय मेजर. उरलेल्या दोनांपैकी ज्याचं वेळापत्रक एसटीच्या वेळेशी जुळतं तो मायनर. याला निवड म्हणायचं असेल तर रेशन दुकानात मिळेल तो तांदूळ घेणं हीसुद्धा निवडच म्हणावी लागेल.

पण आम्ही जुनी वार्षिक परीक्षा म्हणजे सुवर्णकाळ होता असंही म्हणत नाही. कॉलेजात कोण काय शिकणार, किती तास बसून शिकणार, परीक्षा कशी देणार, हे दोनशे वर्षांत अनेकदा बदललं. प्रत्येक बदलात कुणाला तरी दार उघडलं आणि कुणाला तरी ते लागलं. तो हिशेब आपल्या बाजूने कुणी मांडत नाही, म्हणून हा लेख.

पुण्यात इंग्रजी राज्यातलं पहिलं उच्च शिक्षण १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालं, संस्कृत पाठशाळेच्या रूपाने. पेशवाईत ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या पैशाला कंपनी सरकारने शोधलेली ही नवी वाट होती आणि सुरुवातीला तिथे ब्राह्मणांनाच प्रवेश होता. १८५१ साली ती इंग्रजी शाळेत मिळवून पूना कॉलेज झालं, तेव्हा कागदावर दार सर्व जातींना उघडलं. कागदावर म्हणतो, कारण त्यानंतर पाचच वर्षांनी, १८५६ साली, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि त्याला नकार मिळाला. एका मुलासाठी बाकीची मुलं शाळा सोडून जातील, अशी सरकारला भीती होती. पुढे १९२८ साली सायमन कमिशनपुढच्या निवेदनात बाबासाहेबांनी हेच प्रकरण पुरावा म्हणून मांडलं.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. हे विद्यापीठ शिकवत नव्हतं, परीक्षा घेत होतं. अभ्यास कॉलेजात करा, कसा करायचा ते तुमचं तुम्ही बघा, विद्यापीठ शेवटी पेपर काढेल. १८६२ साली पहिले चार बी.ए. झाले: रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे. चौघेही ब्राह्मण. त्याच दशकात मराठीला विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून बाहेर काढलं गेलं आणि इंग्रजीच्या जोडीला अभिजात भाषा आली: संस्कृत, फारसी, लॅटिन अशांपैकी एक. आता ही यादी पाहिली तर तीही निवडच आहे. संस्कृत घ्या नाहीतर फारसी घ्या. पण एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाला संस्कृत हवं होतं आणि शिक्षक शिकवायला तयार नव्हता. म्हणून फारसी घ्यावी लागली. १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए.च्या परीक्षेला बसले तेव्हाही फारसीच होती. संस्कृत ते पुढे स्वतःच्या बळावर शिकले. यादीत विषय असतो, वर्गात तो नसतो, आणि कारण विषयाच्या अवघडपणात नसून विद्यार्थ्याच्या जातीत असतं. आपल्या लोकांचा ऐच्छिक विषयांशी आलेला संबंध तेव्हापासूनचा आहे.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनला दिलेलं निवेदन आपण सगळे प्राथमिक शिक्षणासाठी आठवतो. निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, शेतकऱ्याच्या करातून वरच्या जातीच्या कॉलेजांना पैसा पुरवू नका, हे त्यात आहेच. पण त्याच निवेदनात एक मुद्दा आहे तिकडे फारसं कुणी बघत नाही. मुंबई विद्यापीठाने खासगी अभ्यास करणाऱ्यांना प्रवेश परीक्षेला बसू द्यायला सुरुवात केली होती. जोतिरावांनी त्याचं स्वागत केलं आणि मागणी केली की हीच सवलत बी.ए., एम.ए.लाही द्या. म्हणजे कॉलेजात न बसता, घरी, कामधंदा सांभाळून अभ्यास करणाऱ्यालाही पदवी मिळू द्या. आज ज्याला आपण बहिस्थ म्हणतो त्याची मागणी शूद्रातिशूद्रांच्या बाजूने १८८२ साली झालेली आहे. कॉलेजची फी, पुण्यात राहण्याचा खर्च आणि वर्गात शेजारी कोण बसू देईल हा प्रश्न, या तिन्ही भिंती एका सवलतीने ओलांडता येतील असं त्यामागचं गणित असावं, असं आम्हाला वाटतं.

आता इथे एक अडचण आहे आणि आंबेडकरी कार्यकर्त्याने ती टाळू नये. कारण बाबासाहेबांनी मांडलेली भूमिका वरवर पाहता याच्या उलट जाते. १५ ऑगस्ट १९२४ रोजी मुंबई विद्यापीठाच्या सुधारणा समितीला दिलेल्या लेखी साक्षीत त्यांनी नुसत्या परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठावर कडक टीका केली. विद्यापीठाने शिकवलं पाहिजे. पदवीचं शिक्षण आणि पदव्युत्तर शिक्षण यांची फारकत केली तर संशोधनही मरतं आणि शिकवणंही मरतं, असा त्यांचा युक्तिवाद होता. हे बोलणारा माणूस कोलंबियातून आलेला होता. १९१३ ते १९१६ या तीन वर्षांत तिथे त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले, शिवाय फ्रेंच आणि जर्मनचा प्रत्येकी एक. याला म्हणतात निवड! संस्कृतचं दार बंद झालेल्या विद्यार्थ्यासमोर सगळं विद्यापीठ उघडं होतं, आणि प्रत्येक अभ्यासक्रमाच्या मागे समोर उभा राहून शिकवणारा शिक्षक होता.

मग फुले बरोबर की बाबासाहेब? आमच्या मते दोघांची मागणी एकच आहे, फक्त दोन टोकांनी पकडलेली. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात विद्यापीठ कायद्यावर बोलताना बाबासाहेबांनी सांगितलं की उच्च शिक्षण गरजूंच्या आणि गरिबांच्या दारापर्यंत नेणं हे विद्यापीठाचं मूलभूत काम आहे. त्याच वर्षी १२ मार्चला अंदाजपत्रकावरच्या भाषणात त्यांनी दाखवून दिलं की सरकारी कला महाविद्यालयांच्या खर्चातला ३६ टक्के भाग विद्यार्थ्यांच्या फीमधून वसूल होतो. याला त्यांनी शिक्षणाचं व्यापारीकरण म्हटलं. दारापर्यंत न्यायचं, पण न्यायचं ते खरं शिक्षण, परीक्षेचा अर्ज नव्हे.

हे प्रत्यक्षात कसं करायचं ते त्यांनी १९४६ साली करून दाखवलं. पीपल्स एज्युकेशन सोसायटी ८ जुलै १९४५ची आणि मुंबईचं सिद्धार्थ कॉलेज २० जून १९४६चं. वर्ग सकाळचे. मुंबईत पोटापाण्याची नोकरी करणाऱ्या मुलाने सकाळी कॉलेज करावं आणि मग कामावर जावं. अभ्यासक्रम विद्यापीठाचाच, परीक्षा विद्यापीठाचीच, पण घड्याळ कामगाराचं. १९५० साली औरंगाबादला निघालेल्या कॉलेजने, म्हणजे आजच्या मिलिंदने, मराठवाड्यातल्या खेड्यांतल्या मुलांसाठी हेच काम वसतिगृहाच्या वाटेने केलं. त्याआधी १९४४ साली, मजूर मंत्री असताना, अनुसूचित जातींसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती त्यांनी सुरू करून घेतली होती. वेळ, अन्न-निवारा आणि पैसा. अभ्यासक्रमाची रचना या तिघांनंतर येते, हा क्रम लक्षात ठेवा. नव्या धोरणाने तो नेमका उलटा लावला आहे.

आपल्या भागाकडे येऊ. पुणे विद्यापीठ १९४९ साली निघालं, जुन्नर-आंबेगाव त्याच्या हद्दीत आलं. पण विद्यापीठ आलं म्हणून कॉलेज आलं असं होत नाही. पुढच्या दशकांत जुन्नर, ओतूर, मंचर इथे कॉलेजं उभी राहिली तोपर्यंत मॅट्रिक झालेल्या पोराला पुणे गाठावं लागे, आणि पुण्यात नातेवाईक नसेल तर शिक्षण तिथेच थांबे. अकरावी मॅट्रिक, मग कुठे प्री-डिग्री, कुठे इंटर. १९७५च्या सुमारास महाराष्ट्रात दहा अधिक दोन अधिक तीनची रचना आली, त्यासोबत गावोगावी शाळांना अकरावी-बारावी जोडली गेली. आपल्या वस्त्यांमधल्या मुलींचं शिक्षण दोन वर्षांनी वाढलं त्यामागे या साध्या रचनाबदलाचा हात मोठा आहे. कारण आई-बाप मुलीला गावच्या शाळेत पाठवत होते, तालुक्याच्या कॉलेजात पाठवायला कचरत होते.

याच काळात फुल्यांची जुनी मागणी दुसऱ्या अंगाने पुरी होत गेली. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं, मुंबईने १९७१ साली. पुणे विद्यापीठात बहिस्थ विद्यार्थी म्हणून अर्ज भरून बी.ए., बी.कॉम. करता येई. एसटीचे वाहक, तलाठी कार्यालयातले शिपाई, अंगणवाडी सेविका, साखर कारखान्यातले हंगामी कामगार अशा माणसांना वर्षातून एकदा परीक्षा केंद्रावर जाणं पुरे होई. आपल्या चळवळीतल्या कितीतरी जुन्या कार्यकर्त्यांची पदवी अशी आहे आणि लोक त्याला हसतात. नेट-सेटच्या रांगेत उभ्या असलेल्या पोरांनीही हसू नये. दिवसभर ओझी उचलून रात्री गाईड वाचून मिळवलेली ती पदवी आहे.

१ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं, पहिले कुलगुरू राम ताकवले. या विद्यापीठाने एक गोष्ट केली जी कोणत्याही पारंपरिक विद्यापीठाला सुचली नव्हती. बारावी न झालेल्यालाही पूर्वतयारी शिक्षणक्रम करून पदवीकडे जाता येऊ लागलं. शाळा मध्येच सुटलेल्या माणसासाठी ही दुसरी संधी होती, आणि शाळा मध्येच कुणाची सुटते हे सांगायला नको. पुस्तकं स्वयंअध्ययनासाठी मराठीत लिहिलेली, अभ्यासकेंद्र जवळच्याच कॉलेजात, संपर्कसत्रं सुट्टीच्या दिवशी. त्यात दोष होते. कित्येक केंद्रांवर संपर्कसत्रं नावालाच होत, आणि नोकरीच्या बाजारात या पदवीकडे तिरक्या नजरेने बघितलं गेलं. तिरकी नजर पदवीमुळे होती की पदवीधरामुळे, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही.

आता सेमिस्टर आणि क्रेडिट. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली निवड-आधारित श्रेयांक पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पदवीला ही पद्धत २०१९च्या अभ्यासक्रमाने आली. त्याआधी कला शाखेत सत्रपरीक्षेचे २० आणि वार्षिक परीक्षेचे ८० असा मामला होता. तो ३० आणि ७० झाला आणि तोही दर सहा महिन्यांनी. याची चांगली बाजू आम्ही नाकारत नाही. एका एप्रिल महिन्यात आजारपण आलं, घरात मयत झालं, तर सगळं वर्ष वाया जाई, ते थांबलं. अभ्यासाचा घास लहान झाला. एटीकेटी घेऊन पुढे सरकता येतं.

पण ३० गुण म्हणजे वर्गात हजर राहणं, असाइनमेंट, तोंडी, सेमिनार. इथे आपल्या तालुक्यांचं पंचांग आणि विद्यापीठाचं पंचांग यांची टक्कर सुरू होते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा हंगाम लागला की भल्या पहाटेपासून क्रेट उचलायला हात लागतात, आणि ते हात कॉलेजच्या पोरांचेही असतात. येडगाव धरणाच्या पाण्यावरच्या बागांत द्राक्षाची कामं असतात. पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडावर हिरडा गोळा करतात. आणि नारायणगाव म्हणजे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं गाव. दसऱ्यानंतर तमाशाचे फड बाहेर पडतात, पाडव्याच्या सुमारास राहुट्यांवर जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात, चैत्र-वैशाख रोज नव्या गावात जातो. फडावरच्या कुटुंबातली मुलगी पंचाहत्तर टक्के हजेरी कुठून आणणार? वार्षिक परीक्षेचा पेपर तिने फडावरून येऊन दिला असता. दर महिन्याला वर्गात द्यायच्या तोंडी परीक्षेला ती कशी येणार? हंगामी मजुरी ज्यांच्या घरात नाही त्यांनीच ही पद्धत आखली, हे तिच्याकडे पाहूनच कळतं. अंतर्गत गुण हे शिक्षकाच्या हातात असतात, तेव्हा आडनाव वाचून गुण पडतात की काय, ही शंका आपल्या मुलांनी बोलून दाखवली तर तिला 'न्यूनगंड' म्हणून उडवून लावलं जातं, ते वेगळंच.

मार्च २०२० नंतर वर्ग मोबाइलवर गेले. ज्या घरात एक फोन आणि तीन भावंडं, तिथे वर्ग कुणाचा? डोंगराच्या पलीकडे रेंज कुठे? अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात की नाही यावर महाराष्ट्र सरकार आणि आयोग भांडत राहिले. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी नाही असं सांगितलं, आणि मग बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षा झाल्या. ती आणीबाणी होती, समजू शकतो. पण आणीबाणीतली सोय धोरण कशी बनते ते पाहा. २०२१ सालच्या आयोगाच्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'सारख्या ऑनलाइन मंचावरून घेता येतात. ज्या कॉलेजात प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं भरलेल्या नाहीत, तासिका तत्त्वावरच्या माणसांवर विभाग चालतात, तिथे या ४० टक्क्यांचा अर्थ काय होणार? शिक्षक नेमण्याऐवजी विद्यार्थ्याला लिंक पाठवता येईल. बाबासाहेबांनी १९२४ साली ज्या विद्यापीठावर टीका केली ते निदान परीक्षा तरी स्वतः घेत होतं.

आणि आता २०२४-२५पासून संलग्न कॉलेजांतही नवं धोरण आलं आहे. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली. शेवटच्या विषयाचं आम्हाला वावडं नाही, उलट तो ओझरच्या मुलांना नीट शिकवा असं आम्ही म्हणतो. ओझरपासून पंधरा-एक किलोमीटरवर लेण्याद्री आहे. अष्टविनायकाच्या यात्रेला येणारा भाविक ज्या गिरिजात्मजापुढे हात जोडतो ती जागा मुळात वीस खोल्यांचा बौद्ध विहार आहे. जुन्नरच्या लेण्यांतल्या ब्राह्मी शिलालेखांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीचं दान आहे, यवनांची दानं आहेत, आणि बांबूचं काम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींची नोंद आहे. म्हणजे ज्यांना पुढे बुरूड म्हणून गावकुसाच्या कडेला बसवलं, त्यांचे पूर्वसूरी दोन हजार वर्षांपूर्वी या जुन्नरात भिक्खुसंघाच्या ठेवी सांभाळत होते, बँकेसारख्या. दोन क्रेडिटच्या भारतीय ज्ञान प्रणालीत हे येणार असेल तर आम्ही स्वतः वर्गात येऊन बसू.

राहिला सगळ्यात मोठा दावा: बहुप्रवेश, बहुनिर्गम. एक वर्षाने सोडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. क्रेडिट शैक्षणिक बँकेत सात वर्षं जपून राहणार. समर्थक म्हणतात, गरीब विद्यार्थ्याला यापेक्षा काय हवं?

त्यांना आम्ही एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. १९१७ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याची बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि त्याला अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्याला मिळाली होती. म्हणजे निर्गम झाला, प्रवेशाचं दार उघडं राहिलं, मुदत चार वर्षं. आजच्या भाषेत सगळं नियमात. तरी भीमराव आंबेडकर परत कसे गेले? नुसत्या परवानगीच्या कागदावर गेले नाहीत. बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, नोकरी सोडावी लागली. मग नोव्हेंबर १९१८मध्ये सिडनहॅम कॉलेजात महिना ४५० रुपयांची प्राध्यापकी मिळाली, त्यातून काटकसरीने शिल्लक टाकली, शाहू महाराजांची मदत आली, नवल भथेना या मित्राने ५ हजार रुपये कर्जाऊ दिले, तेव्हा १९२०मध्ये ते लंडनला पोहोचले. १९२१ साली एम.एस्सी., १९२३ साली डी.एस्सी. झाले.

परतीची वाट पैशाने, नोकरीने आणि मित्राने उघडली. क्रेडिटची ठेव बँकेत होती, पण जहाजाचं तिकीट ठेवीवर मिळत नव्हतं. आज ओझरच्या एखाद्या मुलीने बापाच्या आजारपणामुळे पहिल्या वर्षानंतर कॉलेज सोडलं, तर तिला परत आणणारी योजना कोणती? पुन्हा प्रवेश घेताना मध्ये पडलेल्या खंडाचं काय, महाडीबीटीवर तिचा अर्ज अडकणार नाही याची हमी कोण देतं? स्वाधार योजनेत पुण्यासारख्या शहरात वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. हंगाम संपवून तीन वर्षांनी परतणाऱ्याला त्या योजनेत कुठे बसवणार? आणि एका वर्षाचं प्रमाणपत्रसुद्धा ४० ते ४४ क्रेडिट आणि वर ४ क्रेडिटचं कौशल्यशिक्षण किंवा इंटर्नशिप पूर्ण केल्याशिवाय मिळत नाही, हे प्रवेशाच्या वेळी किती जणांना सांगितलं जातं? गळती पूर्वीही होती. फरक एवढाच पडला की पूर्वी गळालेला मुलगा आकडेवारीत गळती म्हणून दिसायचा, आता तो 'निर्गम' म्हणून दिसेल आणि धोरणाचं यश म्हणून मोजला जाईल.

म्हणून जुन्नर आणि आंबेगावच्या विद्यार्थी कार्यकर्त्यांना आमचं सांगणं आहे की या वर्षी आपल्या कॉलेजात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. चार गोष्टी मागा: मंजूर आणि भरलेल्या प्राध्यापकांच्या जागा किती, यादीतल्या किती ऐच्छिक विषयांचे वर्ग प्रत्यक्षात भरतात, पहिल्या वर्षानंतर अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्तांतले किती विद्यार्थी बाहेर पडले, आणि त्यातले किती परत आले. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तोही लागत नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडा.